मोरेश्वरची पांढरी रेघ

सकाळी नऊच्या सुमाराला पेणच्या घरासमोर मी जिप्सीच्या पोटाखाली पाण्याचा पाइप सारत होतो. आदल्या दिवशी गाडी खाडीच्या बांधावरून नेली होती, आणि खाऱ्या चिखलात गेलेली गाडी दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्याने धुवायचीच हा माझ्या मिस्त्रीचा, वरशाच्या मोरेश्वरचा हुकूम मी एकोणीस वर्षं पाळत आलो होतो. तेवढ्यात त्याच्याच घरून फोन आला. त्याची बायको, कुंदावहिनी बोलत होत्या. रडणं नाही, हुंदका नाही. "भावजी, ह्ये गेले पहाटं. चाय मागितली, आनि चाय व्हईस्तवर गेले..." मी काहीतरी पुटपुटलो असेन, आता आठवत नाही. निघतोच म्हणालो तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "या तुमी. पन ती गारी नका आनू दारात."

मी एसटीने गेलो. वडखळच्या नाक्यावर नेहमीसारखी कोंडी झालेली, बसमध्ये उकाडा, आणि माझ्या डोक्यात दुःखाच्या आधी राग. नवरा गेल्याला चार तास झाले नाहीत आणि या बाईला गाडीचं पडलंय! ज्या गाडीच्या प्रत्येक पत्र्याला मोरेश्वरचा हात लागलाय ती त्याच्या दारात का नको? असा मी स्वतःशीच भांडत होतो. खरं सांगायचं तर कारण मला चांगलं माहीत होतं. फक्त ते त्या दोघांनाही माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

माणूस गेला की त्याच्यावर लिहिणारे त्याला गोड करून टाकतात. मोरेश्वर गोड नव्हता. पेणच्या खाडीकाठचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला हा माणूस. वडखळला ट्रकांच्या खाली काम शिकला आणि लग्नानंतर रोह्याला लागून वरशात त्याने पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलं. उंचीने बेताचा, काटक, आणि जिभेला हाड म्हणून नाही. मी तेव्हा डोलवीला कंपनीत नोकरीला होतो. सरकारी लिलावात हौसेने एक जुनी जिप्सी घेतली, टेम्पोला बांधून ओढत त्याच्याकडे नेली. कोणीतरी सांगितलं होतं की फोर-व्हीलच्या, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या या भागात तोच जाणतो. तो गाडीला एक फेरी मारून आला, तळाच्या पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून नुसता दाबला, तर तो आरपार गेला. "ही गारी नाय रं, चाळन हाय चाळन," तो म्हणाला. "पीठ चाळाया घेतलीस काय?" शेडमधले चार लोक हसले. माझे कान तापले. पण त्याच माणसाने पुढे चार महिने त्या चाळणीचा एकेक तुकडा कापून, नवा पत्रा जोडून, गंज खरवडून तिला उभी केली. खार काय करतो हे त्याला कंपनीतल्या आमच्या साहेबांपेक्षा जास्त कळत होतं. तो म्हणायचा, लोखंडाला मीठ लागलं की ते वरून गप्प बसतं आणि आतून संपत जातं.

त्याच्या कामाची एक पद्धत होती आणि ती सबंध वरशाला ठाऊक होती. नट आवळला की तो फडक्याने पुसायचा, बारीक ब्रश पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये बुडवायचा आणि नटावरून थेट शेजारच्या लोखंडावर एक सलग रेघ ओढायचा. चाकाचे पाच नट तर पाच रेघा, स्टीअरिंगखालचे नट, स्प्रिंगांचे नट, सगळ्यांना रेघ. मला तो एकदा समजावून सांगत होता, "रेघ जुळतीय तवर नट जागच्या जागी हाय. रेघ तुटली म्हंजे नट फिरला. आनि नट आपोआप फिरत नसतो, शरद्या. एक तर कामात खोट हाय, नायतर कोनीतरी माझ्यामागं पाना लावलाय." मी मान डोलावली. ऐकलं किती, हा प्रश्न वेगळा.

या काटेकोरपणापायी तो लोकांशी किती निष्ठुर वागला त्याचा मी साक्षीदार आहे. घरत मास्तर म्हणून एक गरीब स्वभावाचे शिक्षक होते. ब्रेक करकरतात म्हणून गाडी घेऊन आले, सोबत बायको आणि मुलगी. मोरेश्वरने चाक काढलं तर ब्रेक-शू झिजून झिजून आतलं लोखंड वर आलेलं. त्याने मास्तरांचा हात धरला, ड्रमवर पडलेल्या खोल चरांवरून त्यांची बोटं फिरवली आणि त्या दोघींसमोर विचारलं, "ह्या दोघींना कंच्या दिवशी मारायचं ठरवलं व्हतं?" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी खाली बघत राहिली. मी हसलो होतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण तेव्हा मला तो मोठा बाणेदार वाटला होता.

त्याचा सख्खा धाकटा भाऊ बाळाराम त्याच्याच हाताखाली काम करायचा. एकदा त्याने गाडीचं ऑइल बदललं आणि खालचा बूच नीट आवळायचा राहिला. गाडी कोलाडपर्यंत जाऊन कोरड्या इंजिनाने बंद पडली. मोरेश्वरने बाळारामच्या हातातला पाना काढून घेतला आणि सांगितलं, "ज्याच्या हातून नट सुटला त्याला पुन्ना पाना द्यायचा नाय." भावाने पाय धरले, वहिनींनी रदबदली केली, आईने जेवण सोडलं. नाय म्हणजे नाय. बाळाराम कंत्राटी कामगार म्हणून डोलवीला लागला आणि दोघे भाऊ आईच्या दिवसांनाच काय ते एका ओळीत बसले. मी मोरेश्वरला कधी विचारलं नाही की बाबा रे, एका चुकीला एवढी सजा? उलट मित्रमंडळींत मी ती गोष्ट रंगवून सांगायचो, माझा मिस्त्री कसा कडक आहे म्हणून.

त्याच कडकपणाचा पाना एक दिवस मी त्याच्यावर उगारला. अडीचेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याचा उजवा हात थोडा थरथरायला लागला होता, चहा बशीत सांडायचा. वहिनी डॉक्टरकडे चला म्हणायच्या, तो म्हणायचा, "चाय सांडते, नट नाय सांडत." अशात एका शुक्रवारी त्याने जिप्सीच्या पुढच्या चाकांची बेअरिंग बदलून दिली. बुधवारी मी नातीला घेऊन बहिणीकडे रोह्याला निघालो. भिसे खिंडीच्या उतारावर पुढचं डावं चाक असं काही हादरायला लागलं की स्टीअरिंग हातात राहीना. कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. उतरून बघतो तर पाचातले तीन नट हाताने फिरत होते. मागच्या सीटवर सहा वर्षांची पोर "आजोबा, काय झालं?" विचारत होती. ते तीन नट मी आवळले, उरलेले दोन घट्ट होते, त्यांना हात लावला नाही, आणि गाडी सरळ वरशाला नेली.

शेडमध्ये तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यांत घरत मास्तरही होते. मला मोरेश्वरला बाजूला बोलावता आलं असतं. एकोणीस वर्षांतली सतरा तेव्हा झाली होती, तेवढा हक्क त्याचा नक्की होता. पण मी शेडच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "तीन नट सैल होते मोरू! माझी नात होती गाडीत. हात थरथरतो तर गप घरी बस ना. तूच म्हणतोस ना, ज्याच्या हातून नट सुटला त्याला पाना द्यायचा नाही? मग ठेव खाली!" मोरेश्वर उठला, चाकापाशी जाऊन उकिडवा बसला, बराच वेळ त्या पाच नटांकडे बघत राहिला. मला वाटलं, शरमला. मग त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि हातातला पाना खरंच खाली ठेवला... घरत मास्तरांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी विसरणार नाही. संध्याकाळपर्यंत रोह्याच्या बाजारात झालं की मोरेश्वरच्या हातात आता राम राहिला नाही.

यानंतर तीन आठवड्यांनी जेवताना माझा मुलगा निखिल सहज बोलून गेला. त्या आठवड्यातल्या रविवारी तो जिप्सी अलिबागला घेऊन गेला होता. पोयनाडजवळ पुढचं डावं चाक पंक्चर झालं, रस्त्याकडेच्या दुकानात काढून बसवून घेतलं. "सांगायचं राहूनच गेलं बाबा," असं म्हणत त्याने आमटी वाढून घेतली. म्हणजे मोरेश्वरने आवळलेले नट दोनच दिवसांत दुसऱ्या कोणीतरी खोलले होते आणि अर्धवट आवळून सोडले होते. मोरेश्वरचा काडीचा दोष नव्हता. उद्या जातो आणि सांगतो, असं मी त्याच ताटावर ठरवलं.

नाही गेलो. का नाही, याची कारणं तेव्हा भरपूर होती. आधी वाटलं फोनवर नको, समोर सांगू. मग वाटलं, हात तर थरथरतोच आहे, आज ना उद्या चूक होणारच, लोक सावध झाले ते बरंच झालं. आणि पोटातली गोष्ट सांगायची तर, ज्या शेडमध्ये मी ओरडलो तिथेच उभं राहून "मी चुकलो" म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. तो मला सगळ्यांसमोर सोलून काढेल ही भीती होती. सतरा वर्षं तो इतरांना सोलताना मी मजा बघितली होती ना!

तेव्हा मी स्वतःची समजूत घालायला एक दयाळूपणा शोधून काढला. बाकीची गिऱ्हाइकं गळत गेली तरी मी मात्र जिप्सी त्याच्याकडेच न्यायची. दर दोन महिन्यांनी पेणहून वरशाला. तो म्हणे, "बघ बाबा, तुला भरवसा हाय का?" मी म्हणे, "तुझ्याशिवाय आहे कोण मला?" आणि तिथून निघालो की पेणला परतताना थेट प्रसादच्या गॅरेजमध्ये. प्रसाद डिप्लोमावाला, त्याच्याकडे गाडी उचलायची लिफ्ट आहे. तो गाडी वर घ्यायचा, मोरेश्वरने आवळलेला प्रत्येक नट पुन्हा तपासायचा आणि तपासल्याची खूण म्हणून पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. मी त्याच्या ऑफिसात बसून पेपर वाचायचो. त्याला कधी काही सैल सापडलं का? एकदाही नाही. "म्हाताऱ्याचं काम एक नंबर आहे काका, उगाच फेरी मारता," असं तोच मला एकदा म्हणाला. तरी मी फेरी मारत राहिलो. बायकोला सांगायचो की मित्राचं मन राखतोय. आपण किती हुशारीने आणि किती हळुवारपणे हे निभावतोय याचं मला कौतुक होतं.

त्या दोन वर्षांत मोरेश्वर बदलला. शिव्या बंद झाल्या. चिखलासाठी असलेलं फोर-व्हील लावून डांबरी रस्त्यावर गाडी पळवली म्हणून पूर्वी त्याने मला पाऊण तास फैलावर घेतलं असतं; आता नुसतं "जपून चालव" म्हणायचा. गाडीखालून बाहेर आला की काम सांगायचा, मग हात पुसत माझ्यासमोर स्टुलावर बसायचा आणि चहा संपेपर्यंत गप्प. मध्येच विचारायचा, "आनि काय मग? काय बोलायचं व्हतं?" मी म्हणायचो, काही नाही रे, चाललंय. मला वाटायचं वयाने मऊ झाला.

शेवटची भेट तो जाण्याआधी दहा-अकरा दिवस. गाडीखालचे सगळे नट आवळ आणि ग्रीस भर, एवढंच काम होतं. तासभर तो खाली होता, मधूनमधून पान्याचा ठण् ठण् आवाज येत होता. बाहेर आला तो दमलेला, अंगात शर्ट लोंबत होता. मी गाडीने शेडभोवती एक चक्कर मारून आलो आणि नेहमीच्या सवयीने म्हणालो, "मोरू, हात आहे का जादू! पिसासारखी चालतेय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "व्हय?" एवढंच म्हणाला. तेच त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. प्रसाद लग्नाला गावी गेला होता म्हणून त्या वेळी माझी पेणची फेरी राहिली.

तेराव्याला मी पुन्हा एसटीनेच वरशाला गेलो. मंडळी पांगल्यावर वहिनींनी मला शेडमध्ये बोलावलं. बाळाराम एका कोपऱ्यात भावाचे पाने तेल लावून पुसत होता, आमच्याकडे पाठ करून. मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी गाडी आणू नका म्हणालात..."

"त्यांना त्याच दिवशी कळलं व्हतं, भावजी," त्या म्हणाल्या. "तुमी खिंडीतून आलाव आनि बोललाव, त्याच दिवशी. तीन नट तुमी आवळले असाल, पन जे दोन घट्ट व्हते त्यांच्या पन रेघा जुळत नव्हत्या. म्हंजे चाक कोनीतरी काढून बशिवलं व्हतं. मी म्हटलं, मंग बोला ना त्यांना, चारचौघांत बोला, तुमची अब्रू गेलीय. तर म्हनाले, शरद्याला म्हाईत नाय गो. घरातल्या कोनीतरी खोललं असंल. त्याला कळंल तवा तो आपल्या पायानं येऊन सांगंल."

मी जवळच्या स्टुलावर बसलो.

"तुमी आलाव की मी चाय ठेवायची, आनि ह्ये आत येऊन मना हळूच म्हनायचे, आज सांगंल गो. मंग खाली जायचे, तो पिवळा रंग बघायचे, सगळ्या नटांवर. समजायचं त्यांना, पेनला कोन वापरतो तो रंग. तरी बाहेर येऊन तुमच्यासमोर बसायचे. तुमी गेलाव की म्हनायचे, फुडच्या टायमाला सांगंल. दोन वर्सं, भावजी." त्यांचा आवाज अजूनही तसाच, सरळ. "लोकांनी काम नाय दिलं त्याचं नाय लागलं त्यांना. लोकांना त्यांनी पन लय बोललंय. तुमचं लागलं."

बाळारामचा पुसणारा हात थांबला होता. त्याच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मी म्हणालो, "वहिनी, मी पेपरात लिहितो. खरं काय ते सगळ्यांना कळेल. नाव घालून लिहितो."

"लिवा की," त्या म्हणाल्या. "त्यांना वाचून कोन दाखवनार?"

तरी लिहितो. वरशातल्या आणि रोह्यातल्या ज्यांनी माझं ओरडणं ऐकलं, आणि ज्यांनी ते ऐकणाऱ्यांकडून ऐकलं, त्यांनी कृपा करून हेही वाचावं. भिसे खिंडीत जे चाक सैल झालं ते मोरेश्वरच्या हातून सैल राहिलं नव्हतं. त्याच्या हातून शेवटपर्यंत एकही नट सुटला नाही. हे मला तीनच आठवड्यांत कळलं होतं आणि दोन वर्षं मी ते गिळून बसलो. घरत मास्तरांना मी घरी जाऊन हे सांगितलं. त्यांनी दार उघडं ठेवून उभ्या उभ्या ऐकलं आणि मला आत या म्हटलं नाही.

तेराव्याच्या दिवशी निघताना वहिनींनी शेडमधून एक गुंडाळी आणून माझ्या हातात दिली. मोरेश्वर ज्यावर आडवा होऊन गाडीखाली सरकायचा तो जुना फ्लेक्स. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. त्यावरचा हसरा चेहरा मोरेश्वरच्या पाठीने घासून केव्हाच पुसला गेलाय, हार तेवढा शिल्लक आहे. "आता तुमीच बघा खाली जाऊन," त्या म्हणाल्या. "कवा बगितलंय का?"

एकोणीस वर्षांत कधीच नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो अंगणात पसरला आणि सत्तरीला आलेलं हे शरीर गाडीखाली ढकललं. डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर नट होते. पांढऱ्या रेघेवर पिवळा ठिपका, त्यावर पांढरी रेघ, त्यावर पुन्हा पिवळा... माझ्या दयाळूपणाचे थरच्या थर, आणि प्रत्येक थर त्याने इथेच पाठीवर पडून पाहिलेला. मी शेवटच्या भेटीची पांढरी रेघ शोधू लागलो. एका नटावर नाही, दुसऱ्यावर नाही. एकेक करून सगळे बघितले. सगळ्यांवर वरचा थर प्रसादच्या पिवळ्याचाच होता, जुना, मळकट. ग्रीस भरायच्या तोंडांवर ताज्या ग्रीसचा टिपूसही नाही. त्या दिवशी तासभर मोरेश्वर इथे नुसता पडून राहिला होता आणि मला ऐकू यावं म्हणून लोखंडावर पाना आपटत होता. त्याने कशालाही हात लावला नव्हता. आणि बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो होतो, पिसासारखी चालतेय.